मूठभर कण्या

खोटं बोलायचं असं ठरवून कुणी तोंड उघडत नाही. शहाणी माणसं म्हणतात, पाप आधी मनात येतं आणि मग जिभेवर. म्हणोत बापडी. राहीबाईच्या मनात काहीसुद्धा नव्हतं. तिच्या तोंडातून एक शब्द निसटला, आणि तो तिच्या पोटच्या पोराचं नाव होता. त्या एका शब्दापायी तिच्यावर पाच वर्षांचा लेक मूठभर कण्यांना विकायची पाळी आली.

पण हे असं मधूनच सांगून उपयोग नाही. उकिरड्यापासून सांगायला हवं.

कोयनेकाठी, पाटणाहून कराडला यायच्या वाटेवर मोरवाडी आहे. तिथं लालासाहेब पाटलांचं घर म्हणजे उसाचं रान, दारात घोडं, कणगीत धान्य, कशाला उणं नाही. उणं एकच. बायको शालूबाई, सांगलीकडची लेक, तिची तीन पोरं एकामागोमाग गेली. पहिला पाचव्या दिवशी, दुसरा सव्वा महिन्याचा होऊन, आणि तिसरा तर चांगला बसायला लागला होता. ज्याचं जळतं त्याला कळतं. गावाला काय, गाव म्हणायचं की सटवाईनं ते घर बघून ठेवलंय.

त्यावर आपल्याकडं एक तोड आहे. बाळ जन्मलं की उकिरड्यावर नेऊन ठेवायचं. सटवाईला वाटावं, हे कुणीतरी टाकून दिलेलं, नकोसं पोर. हे नेऊन काय करायचं? मग दुसऱ्या बाईनं ते उचलायचं, 'मला पोर घावलं' म्हणायचं, आणि आईनं तिच्याकडून ते मूठभर कण्या देऊन विकत घ्यायचं. नाक टोचायचं, नाव केरू ठेवायचं. झालं. तिसऱ्या पोराच्या वेळी पाटलांनी हे सगळं केलं होतं, पण तासाभरात उचललं आणि तासाभरात विकत घेतलं. शालूबाईची सासू सुलाबाई त्यावरच बोट ठेवून बसली.

"सटवाई काय आंधळी हाय व्हय?" ती म्हणाली. "ह्या दारातनं गेलं न् त्या दारानं आलं. तिला काय कळत न्हाई? ह्या खेपेला पाच वर्सं पोर घरात आणायचं न्हाई. आईनं जवळ जायचं न्हाई, तोंड बगायचं न्हाई. उचलील तिच्याच घरी वाढू दे."

म्हातारीपुढं कोण बोलणार? चाळीस सालच्या माघात चौथा मुलगा झाला आणि दिवस उजाडायला परड्यातल्या उकिरड्यावर ठेवला गेला. उचलायला राहीबाईला बोलावलं होतं. ती भावकीतलीच, जोतीरामची बायको. त्यांची वस्ती गावापासून लांब, ओढ्यापलीकडच्या टेकाडावर, एकुलतं एक घर. तिला पाच वर्षांची अंजना होती आणि महिन्याचा अर्जुना अंगावर पीत होता. जोतीराम नुकताच पलटणीत भरती होऊन गेला होता. राहीबाईनं केरूला पदराखाली घेतलं आणि एका अंगाला एक, दुसऱ्या अंगाला दुसरा, असं दोघांना पाजलं. तिला ते जड गेलं नाही. दूधही होतं आणि मायाही होती.

बाळ उकिरड्यावर ठेवायच्या आधी शालूबाईनं मात्र सासूच्या चोरून एक गोष्ट केली होती. बिब्बा तापवून सुईच्या टोकानं बाळाच्या पाठीवर, डाव्या खांद्याखाली, एवढीशी फुली काढली होती. बिब्ब्याचा डाग जन्माला जात नाही. पुढं ती बाजारच्या दिवशी वस्तीच्या कुंपणापर्यंत यायची, तोंड दुसरीकडं करून उभी राहायची, आणि म्हणायची, "राहे, माझी फुली हाय न्हवं गं जाग्यावर?"

"हाय की वैनीसाब. मस्त काळी झालीया," राहीबाई आतून सांगायची.

तेवढंच ऐकायला ती बाई दोन कोस चालायची.

पोरं सव्वा वर्षाची झाली आणि उन्हाळ्यात गोवर आला. दारावर लिंबाचा डहाळा लागला, म्हणजे बाहेरचं माणूस आत येणार नाही. दोघांच्याही अंगावर पुरळ उठलं. अर्जुना आठव्या दिवशी उतरणीला लागला. केरूच्या छातीत मात्र गोवर जिरला आणि तो सकाळपासून श्वासासाठी तडफडत होता. दुपारी, सूर्य डोक्यावर असताना, तडफड थांबली. राहीबाईनं हंबरडा फोडला तो खालच्या ओढ्यापर्यंत गेला.

शालूबाई त्या दिवशी वाटेवरच होती. ती धावत आली आणि कुंपणाशी थांबली. डोईवर पदर नव्हता. कुंपणाला लागूनच विहीर, तिला कठडा नाही. शालूबाईचा एक पाय विहिरीच्या काठच्या दगडावर होता.

"राहे, कोण गेलं गं? बोल की! माझं गेलं आसंल तर हितनंच सांग. हितनंच आत उडी टाकती. मी काय आता घरला जायची न्हाई."

राहीबाईच्या मांडीवर केरू होता. त्याचे तळपाय गार पडायला लागले होते. तिनं दारातून त्या बाईचा तो दगडावरचा पाय बघितला.

"अर्जुना," ती म्हणाली. "माझा अर्जुना गेला, वैनीसाब."

शालूबाई मटकन खाली बसली. आधी ती हसली. देवाशपथ हसली. आणि मग स्वतःचीच लाज वाटून तोंडात पदर कोंबून रडली.

उद्या सांगू, असं राहीबाईनं मनाशी म्हटलं. आज ती शुद्धीवर नाही. संध्याकाळी चुलत दीर नाथाजी कुदळ घेऊन आला, गुंडाळलेलं बोचकं त्यानं उचललं आणि ओढ्याकाठच्या करंजाखाली अर्जुना म्हणून पुरलं. दुसऱ्या दिवशी वाटलं, परवा सांगू. तिसऱ्या दिवशी पाटलाकडून केरूसाठी गाईचं तूप आलं, आणि मग कसं सांगणार? त्या दुपारी राहीबाईनं बाभळीचा काटा घेतला, जिवंत पोराचं नाक टोचलं आणि मेलेल्याच्या नाकातून पुरायच्या आधी काढून ठेवलेली सोन्याची तार त्यात घातली. पोर किंचाळलं. गोवरातून उठलेलं पोर तसंही आईशिवाय कुणाला ओळखू येत नाही. महिनाभरानं तो अंगणात आला तेव्हा गावानं त्याला केरू म्हटलं, आणि तो केरू झाला.

अंजनाला सगळं ठाऊक होतं. सहा वर्षांची पोर ती, पण आईनं एकदाच डोळे वटारून सांगितलं आणि तिनं ओठ शिवले.

आता म्हणाल, राहीबाईला पुढचं कळत नव्हतं का? कळत होतं हो. पण पाच वर्षं म्हणजे लांबची गोष्ट. जोतीराम येईल, पुरुष माणूस आहे, तो काहीतरी मार्ग काढील, असं ती धरून होती. पोराला न्हाऊ घालताना ती कानात हळूच 'अर्जुना' म्हणायची. त्याला तो खेळच वाटायचा. "आये, परत म्हन की ते," असं म्हणून तो कान पुढं करायचा.

चव्वेचाळीसच्या पावसाळ्यात टपालवाला वस्तीवर तार घेऊन आला. जोतीराम इटलीत पडला होता. म्हणजे मार्ग काढणारं माणूसच गेलं. नवऱ्याचं म्हणून जे काही जगात उरलं होतं, ते नाकात दुसऱ्याची तार घालून अंगणात विटीदांडू खेळत होतं. त्याचं कपाळ जोतीरामचं, चालताना डावा खांदा पाडायची लकब जोतीरामची. राहीबाई त्याच्याकडं बघायची आणि माघ महिन्याला किती दिवस उरले ते बोटांवर मोजायची.

तिकडं शालूबाईची कूस काही परत उजवली नाही. गोवर झाल्यापासून ती कुंपणाशी यायची तेव्हा फुलीचं विचारायची नाही. नुसती उभी राहायची, आणि पोराचा आवाज आला की डोळे मिटायची.

पौष सरला तसा पाटलाकडून निरोप आला. माघी पुनवेला पोर घ्यायचं. लालासाहेबांनी त्याच्यासाठी मलकापुरात मखमली अंगरखा शिवायला टाकला होता, आणि पुढं त्याला सांगलीला आजोळी ठेवून शाळेत घालायचं घाटत होतं. त्या रात्रीपासून राहीबाईला भाकरी गिळेना.

चुलीवरच्या कोनाड्यात एक बिब्बा पडला होता. तिनं तो कितीदा तरी हातात घेतला. पोराच्या पाठीवर फुली काढली की काम झालं, कुणाला कधी कळायचं नाही. एकदा तर सुई तापवून तिनं त्याला पालथं घेतलंही. तो म्हणाला, "आये, काटा काढतीस व्हय?" आणि शहाण्यासारखा निजून राहिला. तिचा हात उचलेना. तिनं सुई राखेत खुपसली.

आणि मग तिला सुचलं. बरं सुचलं की वाईट, ते तुम्हीच ठरवा. विकताना पोराचे जुने कपडे उकिरड्यावरच उतरवायचे असतात आणि विकत घेणारीनं आपल्या हातानं नवे घालायचे असतात. शालूबाई त्याची पाठ बघणार. बघितल्याशिवाय राहणारच नाही. फुली दिसली नाही की ती काय ते समजेल. राहीबाईला तोंडानं सांगायची छाती होत नव्हती ना, मग ती उघडी पाठच सांगेल. ती झिंज्या उपटेल, लालासाहेब चाबकानं फोडून काढतील, गाव थुंकेल. थुंकू दे. दहिवडीकडं भाऊ आहे, माणात जाऊन मेंढरं राखू, कण्या खाऊ, पण पोर कडेवर असेल. शालूबाई विहिरीत जाईल हेही तिच्या मनात आलं. गेली तर जाऊ दे, असंही आलं. चार वर्षांत तिचं काळीज एवढं निबर झालं होतं.

निघायच्या दिवशी अंजना दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली.

"आये, आपल्या अर्जुनाला नेणार व्हय?"

"केरू म्हन."

"पन त्यो—"

राहीबाईनं तिला थोबाडीत मारली. मग जवळ ओढून म्हणाली, "संद्याकाळपतोर परत आनती बग त्येला. तू भाकरी टाकून ठेव. तिघांच्या टाक."

पाटलाच्या परड्यात बायका जमल्या होत्या. पुरुष लांब, गोठ्यापाशी. उकिरड्याच्या कडेला शेण सारवून रांगोळी घातली होती, आणि जिथं पाच वर्षांपूर्वी बाळ ठेवलं होतं तिथं पोराला बसवलं. त्याला गंमत वाटत होती. घोड्याच्या खिंकाळण्याकडं तो सारखा मान वळवत होता. सुलाबाईला आता धड दिसत नव्हतं, पण आवाज तोच होता. ती एकेक सांगत होती आणि दोघी करत होत्या.

"ईचार," ती सुनेला म्हणाली.

शालूबाई पदर खोचून पुढं आली. पाच वर्षांत ती पहिल्यांदा पोराकडं तोंड करून उभी होती. ती त्याला बघत नव्हती, पीत होती.

"बाई, पोर कुनाचं?"

"मला उकिरड्यावर घावलं."

"देतीस का?"

"देती."

"काय घेशील?"

राहीबाई पोराकडंच बघत राहिली. बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. सुलाबाईनं काठी आपटली. "अगं बोल की! मोल सांगितल्याबिगर इकत कसं घ्यायचं?"

"मूठभर कण्या," राहीबाई म्हणाली.

"आता जुनं उतर, नवं घाल."

शालूबाई गुडघ्यांवर बसली. तिनं पोराचं पैरण डोक्यावरून काढलं आणि त्याला आपल्याकडं तोंड करून उभं केलं. तिचा हात पोराच्या काखेतून पाठीमागं गेला, डाव्या खांद्याखाली थांबला. बोटं फिरली. वर गेली, खाली आली, उजवीकडं गेली, परत डावीकडं आली. मग तिनं त्याला वळवलं आणि पाठ बघितली. उन्हात ती पाठ स्वच्छ होती, तिळाएवढाही डाग नव्हता.

आता, राहीबाईनं मनात म्हटलं. ओरड. ओरड गं बये.

शालूबाईनं मान वर केली आणि राहीबाईकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. तिचं तोंड चुन्यासारखं पांढरं पडलं होतं. ओठ एकदा हलले. राहीबाईनं हळूच मान हलवली, व्हय म्हणून.

शालूबाईनं मखमली अंगरखा उचलला, पोराच्या दोन्ही बाह्या घातल्या आणि गळ्यापर्यंत एकेक गुंडी लावली. एकही सोडली नाही. मग त्याला उचलून छातीशी धरलं आणि सगळ्या परड्याला ऐकू जाईल अशी ओरडली.

"माझाच हाय गं बायांनो! माझा केरू! मुलखात वळखला असता मी!"

बायकांनी डोळे पुसले. गोठ्यापाशी कुणीतरी बार काढला. घोड्यावर बसायचं म्हटल्यावर पोर हरखलं, आणि लालासाहेबांच्या पुढ्यात बसून गावातून फिरायला निघालंसुद्धा. वळणावर त्यानं मागं बघून आईला हात केला. ओरडावं असं राहीबाईला वाटलं. ओरडून काय सांगणार? पाटलीण म्हणते पोर माझं, तिथं राहीचं ऐकतंय कोण? तिच्या ओटीत शालूबाईनं मूठभर कण्या टाकल्या आणि त्या पदराच्या गाठीत बांधल्या. गाठ तिनंच आवळली.

पण सौदा इथं पुरा होत नाही. विकणारीनं त्या कण्या दिवस मावळायच्या आत शिजवून खायच्या, विकत घेणारीच्या डोळ्यांदेखत. कुत्र्याला नाही, कोंबडीला नाही. एक कणी उरली तरी सौदा अर्धा.

म्हणून शालूबाई तिच्याबरोबर वस्तीवर आली. एकटीच आली. पाच वर्षांत तिनं पहिल्यांदा कुंपणाच्या आत पाय टाकला. अंजना भाकरी थापत होती. दोघींनाच बघून तिचा हात पिठात तसाच राहिला. राहीबाईनं तिला बाहेर शेरडांकडं पाठवलं आणि चुलीवर आधण ठेवलं. कण्या शिजेपर्यंत शालूबाई चुलीपाशी बसून होती.

ताटली पुढं घेतल्यावर मात्र राहीबाईचा बांध फुटला. "तुमी बगितलंसा. तुमास्नी कळलं."

"व्हय."

"मग माझं पोर द्या मला. पाया पडती. तुमच्या हिरीच्या भ्यानं बोलली मी. माझा धनी गेला, वैनीसाब, मला दुसरं काय हाय?"

"तुझा अर्जुना सव्वा वर्साचा हून मेला," शालूबाई म्हणाली. आवाज अगदी साधा होता. "गावानं पुरलाय त्येला. तूच मला सांगितलंस, ह्याच दारातनं."

"त्यो केरू हुता! तुमचा केरू हाय त्या करंजाखाली!"

"माझा केरू आत्ता घोड्यावरनं घरी गेला."

राहीबाई ताटली ढकलून उठली. "म्या न्हाई खायची. मग बगू कसा हुतोय सौदा."

"नगं खाऊस." शालूबाई जागची हलली नाही. "अर्धा सौदा ठेवलास तर सटवाई कुनाच्या मागं लागती, तुझ्या का माझ्या? पोराच्या. त्यो तुझा का माझा, ती ईचारीत न्हाई. माझी चार नेली तिनं. चार झाली न्हवं आता? पाचवा न्यायचा आसंल तर ऱ्हाऊ दे ती कणी ताटलीत."

राहीबाई उभीच राहिली. दारातून मावळतीचं ऊन आत आलं होतं आणि चुलीपर्यंत पोचलं होतं. सटवाईवर तिचा विश्वास होता. तिच्या मांडीवर एक पोर गेलं होतं, तिचा विश्वास नसेल तर कुणाचा असेल? ती खाली बसली. पहिला घास घशाखाली उतरायला पाणी लागलं. दुसरा त्यामागून गेला. शालूबाई बघत होती.

निम्म्या कण्या संपल्यावर शालूबाईनं विचारलं, "लय तरास झाला का गं त्येला?" आता तो आवाज पाटलिणीचा नव्हता. कुंपणाशी तोंड फिरवून उभी राहणाऱ्या बाईचा होता.

राहीबाईला ती सकाळ आठवली. ती तडफड, ते निळे पडलेले ओठ.

"न्हाई," ती म्हणाली. "दूध पीत हुता. पिता पिता झोपला."

हे दुसरं खोटं. हे मात्र ती ठरवून बोलली.

शालूबाईनं पदरानं तोंड पुसलं. किती तरी वेळ ती रडली, आणि राहीबाई खात राहिली. शेवटी ताटलीच्या तळाला एक घास उरला. तो काही केल्या राहीबाईच्यानं उचलेना. हात तिथवर जायचा आणि परत यायचा. बाहेर अंजना शेरडं आत घालत होती आणि मधूनमधून वाटेकडं बघत होती. ऊन चुलीवरून भिंतीवर चढलं.

शालूबाई पुढं सरकली. तिनं ताटली तिरकी केली, तळाच्या कण्या बोटांनी निपटून गोळा केल्या, एक एक कणी बघून, आणि तो घास राहीबाईच्या तोंडाशी धरला.

"माझ्या पोराला पाजलंस तू," ती म्हणाली. "तुझ्याला मी उपाशी ठेवीन व्हय? खा बाई. दिस चालला."

राहीबाईनं तोंड उघडलं.